नळी क्रमांक सदतीस

त्या वर्षी माझं काम होतं ऐकणं.
बाकीच्यांना दुर्बिणी मिळाल्या, तारेपलीकडचं पाहायला.
मला एक स्टूल, एक कंदील, डॉक्टर छातीला लावतात तसली नळी,
आणि भाताच्या शेतात रोवलेली लोखंडी पाइपांची रांग,
काठोकाठ पाणी भरलेली.
खाली कुणी सुरुंग उडवला तर पाणी उसळेल, कॅप्टन म्हणाला.
शत्रूचं पाणी जोखण्याची
याहून सरळ रीत मी पुढे कुठे पाहिली नाही.

शेत प्यो बुन-ईचं. बाई पन्नाशीची, एकटी.
रोपं लावताना पाइपांना वळसा घालायची,
झोपलेल्या माणसाला कुणी ओलांडत नाही तसा.
पहिल्याच आठवड्यात विचारलं तिनं,
'ऐकू येतं का रे, पोरा?'
मी म्हटलं, सांगायची परवानगी नाही.
'तुझं गुपित नको मला,' ती म्हणाली.
'माझा भाऊ तिकडे राहिला. छिल-बोक. विहिरी खणायचा.
दोन घाव, मग हातावर थुंकी, मग तिसरा.
हजारांत ओळखेन मी.
तसं काही आलं तर नुसती मान हलव.'

हिवाळा आला. पाण्यावर बर्फ धरू नये म्हणून
मी दर तासाला नळीत मीठ टाकायचो,
आणि कान लावून बसायचो जमिनीच्या पोटाला.
काय काय ऐकू येतं!
मुळं आखडतात. उंदीर बिऱ्हाड बदलतात.
स्वतःचं रक्त तर इतकं मोठ्यानं चालतं
की दोनदा मी धोक्याची घंटा वाजवली.

मग माघाच्या थंडीतली ती रात्र.
दोन वाजून दहा मिनिटं.
ठक. ठक.
                    .
ठक.

वहीत रकाने तीनच होते:
वेळ, नळी, आवाज होय किंवा नाही.
थुंकीसाठी रकाना नव्हता.
मी लिहिलं, होय.

चौथ्या दिवशी सदतिसाव्या नळीतून पाणी
माणूसभर उंच उडालं आणि उडता उडता गोठलं.
त्यानंतर ड्रिल आले, ट्रक आले, तीन महिने
शेताची चाळण झाली.
आम्ही आत उतरलो तेव्हा भुयार रिकामं होतं,
वाकून चालावं लागेल एवढं,
सगळं ग्रॅनाइटमधलं, आणि ग्रॅनाइटला चोळलेला कोळसा.
म्हणजे उद्या सांगता यावं, ही तर खाण होती.
छिद्रांची तोंडं मात्र सगळी आमच्याकडे.
एका कोनाड्यात रबरी बुटाचा तळवा,
आणि अर्धवट जळालेली वात.

वर आलो तर ती बांधावर.
'आत कोण होतं?'
'कुणी नाही.'
'मग काळं कुणी फासलं?'
माझा हात धरून तिनं बोटं नाकाशी नेली,
बराच वेळ हुंगली.
'कोळसा कुठला हा,' म्हणाली,
'चुलीची काजळी आहे. लबाड मेला. लहानपणीही
दूध सांडलं की मांजराचे पाय उठवून ठेवायचा.'
आणि हसली. मी पहिल्यांदाच तिला हसताना पाहिलं,
वरचे दोन दात नव्हते.

मान मी तेव्हाही हलवली नाही.
पन्नास वर्षं झाली, अजून ठरत नाही:
हलवली असती तर तिला भाऊ मिळाला असता,
की भावाचा पत्ता मी लावून दिला हे कळलं असतं?
आणि दोन घाव, थुंकी, एक घाव
कुठला दमलेला माणूस मारत नाही?

आता तिथे तिकीट आहे. पिवळी हेल्मेटं, छोटी गाडी.
मीच माहिती सांगतो, सोमवारी सुट्टी.
पोरं भिंतीला बोट लावतात आणि एकमेकांच्या गालाला पुसतात.
रागवायचं असतं, मी रागवत नाही.
बुन-ईचं शेत तिच्या पुतण्यानं विकलं;
पाइप अजून आहेत, गंजलेले, बेडकांनी भरलेले.

परवा एका मुलीनं विचारलं,
आजोबा, ते गेले कुठे, खणणारे?
माझा कान आता अधू आहे.
मी ऐकू न आल्यासारखं केलं.